‘कीचकवधा’चा अर्थ कोणी लावला?

अलंकार हा विषय शाळेच्या व्याकरणात शेवटच्या प्रकरणात येतो आणि परीक्षा आटोपली की बहुतेकांच्या आयुष्यातून निघून जातो. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक यांच्या व्याख्या पाठ केल्या, प्रत्येकीस एकेक उदाहरण जोडले, गुण मिळाले. पुढे त्यांचे काही काम पडेल असे कोणास वाटत नाही. परंतु आपल्याच प्रांताच्या इतिहासात एक वेळ अशी आली की, एका नाटकातील ध्वनी कोणता, हा प्रश्न रसिकांच्या बैठकीतून उठून थेट मुंबई सरकारच्या दप्तरात जाऊन बसला. १९१० च्या जानेवारीत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ नाटकाच्या प्रयोगांस बंदी झाली. नाटकात इंग्रजांचे नाव नाही, हिंदुस्थानच्या राज्यकारभाराचा उल्लेख नाही. कथा महाभारताच्या विराटपर्वातील. मग बंदी घालणाऱ्यांनी वाचले ते काय? आणि त्यांनी वाचले ते बरोबर होते की चूक? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहो. तो केवळ एका जुन्या नाटकापुरता नाही. कल्पित लेखनातील अप्रत्यक्ष अर्थ कसा ओळखावा, किती ओळखावा आणि कोठे थांबावे, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची हयात परप्रांती, कचेरीत टिपणे लिहिण्यात आणि वाचण्यात जात आहे. फाइलीतील भाषेचा धर्म असा की, एका शब्दास एकच अर्थ असावा; दोन निघाले तर लिहिणाराचा दोष. साहित्यातील भाषेचा धर्म नेमका उलट आहे. म्हणून जो मनुष्य दिवसभर पहिली भाषा लिहितो, त्याने संध्याकाळी दुसरी वाचताना थोडे सावध असावे, एवढे प्रास्ताविक पुरे.

आपल्या साहित्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती मानल्या आहेत. अभिधा सरळ अर्थ सांगते. सरळ अर्थ जुळेनासा झाला की लक्षणा जवळच्या अर्थाकडे नेते. ‘गंगेवर गौळवाडा आहे’ असे म्हटले तर घरे पाण्यावर तरंगत नाहीत, ती तीरावर आहेत, हे आपण समजून घेतो. तिसरी शक्ती व्यंजना. येथे सरळ अर्थ अडत नाही, तो जागच्या जागी शाबूत राहतो आणि त्याच्या पाठीमागून दुसरा अर्थ उमटतो. नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त हीच शक्ती काव्याचा आत्मा ठरवली. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त तिचे एक साधे उदाहरण दिले आहे: सूर्य मावळला. हेच वाक्य सेनापतीच्या कानी पडले तर शत्रूवर झडप घालण्याची वेळ झाली; गुराख्याच्या कानी पडले तर गाई वळवाव्यात; ब्राह्मणाच्या कानी पडले तर संध्येस बसावे; प्रेयसीच्या कानी पडले तर निघावे. कचेरीत कोणी ते उच्चारले तर त्याचा अर्थ काय होतो, हे आमच्या वाचकांना सांगणे नको.

मम्मटाचे खरे महत्त्व पुढे आहे. हा दुसरा अर्थ कशाच्या बळावर निघतो, याची त्याने यादीच दिली आहे. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, स्वर कोणता, वाक्य कसे रचले आहे, त्याचा सरळ अर्थ काय, जवळ तिसरे कोण आहे, प्रसंग कोणता, देश कोणता, काळ कोणता. ही यादी पंडितांच्या चर्चेसाठी केलेली असली तरी ती एखाद्या न्यायाधीशाने पुढ्यात ठेवावी अशी आहे. व्यंग्यार्थ हा मनास येईल तसा काढता येत नाही. त्याला पुरावा लागतो, आणि तो पुरावा कोणत्या जातीचा असावा, हे या यादीत सांगितले आहे.

व्यंजना आणि गुप्त लिपी यांत मात्र फरक केला पाहिजे. पानिपतच्या संहाराची बातमी नानासाहेब पेशव्यांस १७६१ च्या जानेवारीत एका सावकारी पत्रावरून कळली, असे परंपरा सांगते. त्या पत्रात माणसांची नावे नव्हती. दोन मोती गळाल्याचे, काही मोहरा हरवल्याचे आणि रुपये व खुर्दा यांची मोजदाद नसल्याचे त्यात लिहिले होते. विश्वासराव व सदाशिवरावभाऊ, मोठे सरदार आणि सामान्य लष्कर असा त्याचा उलगडा. ही सांकेतिक भाषा आहे. किल्ली फिरविली की कुलूप उघडते आणि मग मोत्यांशी कोणाला कर्तव्य उरत नाही. गंमत अशी की, त्याच लढाईचे नाव पुढे मराठीत ‘पानिपत होणे’ या लक्षणेने रूढ झाले आणि ज्यास १७६१ साल ठाऊक नाही तोही परीक्षेत नापास झाला की आपले पानिपत झाले असे म्हणतो. कल्पित कृती मात्र या दोहोंहून निराळी असते. तिचा सरळ अर्थ किल्लीसारखा वापरून टाकून देता येत नाही. ‘कीचकवधा’च्या बाबतीत सारा घोटाळा झाला तो येथेच.

इंग्रज सरकारला नाटकांची धास्ती बंगालपासून होती. दीनबंधु मित्र यांचे ‘नीलदर्पण’ १८६० साली निघाले. त्यात निळीच्या मळेवाल्यांचा जुलूम उघडउघड दाखविला होता. त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल पाद्री जेम्स लाँग यांस १८६१ साली एक महिन्याचा कारावास आणि एक हजार रुपये दंड झाला. पुढे १८७६ च्या आरंभी युवराजांच्या कलकत्त्यातील भेटीवरून तेथील एका नाट्यगृहाने प्रहसन केले आणि सरकार चिडले. आधी वटहुकूम आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नाट्यप्रयोगांचा कायदा आला. सरकारविषयी अप्रीती उत्पन्न होण्याचा संभव असलेला प्रयोग बंद करण्याचा अधिकार या कायद्याने दिला. ‘संभव’ या शब्दाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. नाटकात काय आहे एवढेच नव्हे, तर ते पाहणाऱ्याच्या मनात काय होईल, याचाही निर्णय आता अधिकाऱ्याने करावयाचा होता. म्हणजे कायद्यानेच त्यास सहृदय होण्याची आज्ञा केली! हा कायदा स्वतंत्र भारतातही दीर्घकाळ पुस्तकात राहिला आणि २०१७ च्या निरसन कायद्याने तो रद्द झाला.

महाराष्ट्रात अप्रत्यक्ष अर्थाचा प्रश्न न्यायालयासमोर प्रथम ठळकपणे आला तो १८९७ साली. शिवजयंती उत्सवानंतर १५ जूनच्या ‘केसरी’त ‘शिवाजीचे उद्गार’ हे पद्य छापले गेले. शिवाजी महाराज जागे होऊन देशाची स्थिती पाहतात आणि बोलतात, अशी कल्पना. दिवंगत पुरुषास बोलते करणे ही कवींची फार जुनी रीत आहे. परंतु एका आठवड्याने, २२ जून रोजी, पुण्यात रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पद्य व खून यांच्यामध्ये सरकारने एक रेषा ओढली. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. न्या. स्ट्रॅची यांनी ज्यूरीस सांगितले की, कायद्यातील ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव. सहा युरोपियन ज्यूरर दोषी म्हणाले, तिघे हिंदी ज्यूरर निर्दोष म्हणाले, आणि टिळकांस अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. येथील विसंगती मौजेची आहे. आरोपीच्या शब्दांत न्यायालयाने व्यंजना शोधली. कायद्याचा शब्द मात्र केवळ व्युत्पत्तीने, अभिधेच्याही अलीकडच्या पायरीवर उभे राहून वाचला. विरोधी शब्दातील ‘अ’ नेहमी अभावच दाखवितो असे नाही. अधर्म म्हणजे धर्म नसणे एवढेच नव्हे. पुढच्याच वर्षी, १८९८ साली, कायद्यात दुरुस्ती होऊन अप्रीतीत द्रोह आणि वैरभाव यांचा समावेश होतो असे स्पष्टीकरण जोडावे लागले.

१९०८ सालच्या दुसऱ्या खटल्यात प्रश्न आणखी खोल गेला. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे ‘केसरी’तील लेख त्यात होते. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी गृहस्थ बसले होते. त्यांच्यापुढे आले ते सरकारी भाषांतर. टिळकांनी आपला बचाव स्वतः केला, दिवसामागून दिवस भाषण केले, आणि त्यातील बराच वेळ मराठी शब्दांच्या छटा समजावून सांगण्यात घालविला. मम्मटाच्या यादीतील जवळजवळ प्रत्येक कलम त्यांना वेगळ्या भाषेत मांडावे लागले: कोणास उद्देशून लिहिले, कोणत्या वादाच्या ओघात, कोणत्या क्षणी. भाषांतरात शब्दाचा अर्थ जातो, पण स्वर जात नाही. ‘काकू’ म्हणजे आवाजाच्या वळणावर उभा असलेला अर्थ. तो दुसऱ्या लिपीत कसा उतरावा? सातास दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस गेले. मराठी शब्दांचा अर्थ मराठी न जाणणाऱ्यांनी ठरवावा, ही त्या खटल्यातील अन्यायाची बाजू राजकीय इतिहासात नेहमी सांगितली जाते. ती वाङ्मयाच्या इतिहासातही नोंदली जावी असे आम्हांस वाटते.

आता नाटकाकडे वळू. खाडिलकर हे सांगलीचे, जन्म १८७२ चा. ते टिळकांचे सहकारी आणि ‘केसरी’तील लेखक. ‘सवाई माधवराव यांचा मृत्यू’ आणि ‘कांचनगडची मोहना’ या नाटकांनी त्यांचे नाव झाले होते. ‘कीचकवध’ १९०७ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. कथा सर्वांस परिचित आहे. पांडव विराटाच्या घरी अज्ञातवासात आहेत. युधिष्ठिर कंक होऊन राजाच्या सभेत बसतो, भीम बल्लव होऊन स्वयंपाकघरात राबतो, द्रौपदी सैरंध्री होऊन राणी सुदेष्णेची वेणीफणी करते. राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापती कीचक तिची अभिलाषा धरतो. राजा दुबळा, सत्ता कीचकाच्या मुठीत. भर सभेत सैरंध्रीची विटंबना होते. युधिष्ठिर संयम सांगतो, भीम दात ओठ खातो, आणि शेवटी भीमाच्या हातून कीचक मरतो.

हे नाटक कोणत्या हवेत लोकांपुढे आले? १९०५ च्या फेब्रुवारीत लॉर्ड कर्झन यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात, सत्याचे उच्च ध्येय मुख्यतः पाश्चात्त्यांचे आहे, अशा आशयाचे भाषण केले होते. त्याच वर्षी १६ ऑक्टोबर रोजी बंगालची फाळणी अमलात आली. स्वदेशी आणि बहिष्कार यांनी देश ढवळून निघाला होता आणि काँग्रेसमध्ये नेमस्त व जहाल असे दोन पक्ष समोरासमोर उभे होते. अशा वेळी रंगभूमीवर द्रौपदी दाद मागते, थोरला भाऊ थांबा म्हणतो आणि दुसरा भाऊ मुठी आवळतो. थिएटरात बसलेल्या माणसास आणखी काय सांगावयास हवे होते?

१९१० च्या आरंभी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये या नाटकाची हकीकत आली आणि ती व्हॅलेंटाइन चिरोल यांनी त्याच वर्षीच्या आपल्या हिंदी असंतोषावरील पुस्तकात उद्धृत केली. हकीकत लिहिणाराने असे सांगितले की, नाव कोठेही उच्चारलेले नसले तरी कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे नेमस्त पक्ष आणि भीम म्हणजे जहाल पक्ष हे प्रत्येक प्रेक्षकास ठाऊक आहे. आजही या नाटकाविषयी कोठे चार ओळी लिहिल्या गेल्या की हेच चार जोड त्यात असतात. पाठ्यपुस्तकांनीही ते उचलले. एका परकीय पत्रातील किल्ली आम्ही आमच्या नाटकाचा अर्थ म्हणून स्वीकारली, ही गोष्ट थोडी विचार करण्याजोगी आहे.

ती किल्ली खोटी होती, असे आम्ही म्हणत नाही. ‘हे तर पौराणिक नाटक, त्यात राजकारण कसले?’ असा बचाव कोणी केल्यास तो राजकीय दृष्ट्या चतुर असेल, साहित्यदृष्ट्या मात्र लुळा आहे. वक्ता कोण? ‘केसरी’चा लेखक. श्रोता कोण? फाळणीने संतप्त झालेला मध्यमवर्ग. देश आणि काळ कोणता? मम्मटाच्या यादीतील कोणतेही कलम घ्या. राजकीय ध्वनी निघतोच. सरकारने ध्वनी ऐकला, यात सरकार बरोबर होते. पण ध्वनी ऐकून त्याने त्याची गुप्त लिपी केली, पानिपतच्या पत्रासारखी मोती आणि मोहरांची यादी केली. तेथे ते चुकले.

चूक कोठे दिसते ते पाहा. पहिली गोष्ट तारखांची. नाटक रंगभूमीवर आले तेव्हा कर्झन हिंदुस्थानात नव्हते. १९०५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि नोव्हेंबरात ते निघून गेले. गादीवर लॉर्ड मिंटो होते. गेलेल्या व्हाइसरॉयचा वध करण्यासाठी नाटक लिहावे, याला राजकारणात अर्थ नाही. कीचक जर कोणाचे रूपक असेल तर ते एका माणसाचे नव्हे; दुबळ्या राजाच्या आडून चालणाऱ्या मदांध सत्तेचे आहे. माणूस बदलला तरी ते बदलत नाही. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. सुरतेस काँग्रेस फुटली ती १९०७ च्या डिसेंबरात, म्हणजे पहिल्या प्रयोगानंतर दहा महिन्यांनी. ज्या प्रेक्षकांनी फेब्रुवारीत युधिष्ठिर-भीमांचा वाद पाहिला, त्यांनी तो एकाच घरातील भावांचा वाद म्हणून पाहिला. १९०८ साली, टिळक मंडालेस गेल्यावर, तोच प्रवेश पाहणाऱ्याच्या मनात दुसरीच कालवाकालव झाली असली पाहिजे. नाटककाराने एक अक्षर बदलले नाही. अर्थ मात्र वाढला. सांकेतिक पत्राचा अर्थ असा वाढत नसतो.

तिसरी गोष्ट मूळ कथेची. नेमस्त-जहाल वाद खाडिलकरांनी महाभारतात घुसडला, अशी समजूत आहे. परंतु सभेत सैरंध्रीस लाथ बसते तेव्हा भीम उसळतो आणि युधिष्ठिर त्यास आवरतो, हे व्यासांच्याच कथेत आहे. शिवाय युधिष्ठिराच्या संयमाचे कारण तेथे भ्याडपणा नाही. अज्ञातवासाचे थोडेच दिवस उरले आहेत. आता ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षे वनवास. शब्द पाळावयाचा आहे आणि कुळही वाचवावयाचे आहे. द्रौपदीचा आक्रोश खरा, भीमाचा क्रोध खरा आणि युधिष्ठिराची अडचणही खरी. ‘युधिष्ठिर म्हणजे नेमस्त’ अशी चिठ्ठी चिकटविली की ही तिसरी गोष्ट नाहीशी होते. आणि ती गेली की नाटकातील झगडाच उरत नाही, केवळ एक सभेतील ठराव उरतो.

चौथी गोष्ट एका शब्दाची. मराठीत खून, हत्या आणि वध हे तीन शब्द एकच क्रिया सांगतात. पण त्यांचे निवाडे वेगळे. खून म्हटले की गुन्हा, हत्या म्हटले की पाप, वध म्हटले की न्याय. कंसाचा वध होतो, बकासुराचा वध होतो. नाटकाच्या नावातच निकाल दिलेला आहे आणि तो निकाल लेखकाने दिलेला नसून भाषेने, पुराणिकांच्या पिढ्यांनी दिलेला आहे. इंग्रजी भाषांतरात या तिन्हींस एकाच रांगेत उभे केले जाते. नाटकातील सर्वांत धारदार व्यंजना बहुधा भाषांतराच्या टेबलावर अशीच सांडून गेली असेल.

हीच गोष्ट अलंकारशास्त्राच्या भाषेत अधिक नेमकी सांगता येते. अप्रस्तुताचे वर्णन करून प्रस्तुत सुचविणे ही अप्रस्तुतप्रशंसा. आपण तिला अन्योक्ती म्हणतो. कावळ्यास बोलावे आणि ते एखाद्या दरबारी माणसास लागावे, असा हा प्रकार. तेथे कावळा निमित्तमात्र असतो. समासोक्तीत उलट असते. ज्याचे वर्णन चालले आहे तेच प्रस्तुत. त्याच्या विशेषणांतून, वागणुकीतून दुसरे काहीतरी चमकून जाते. सरकारने ‘कीचकवध’ अन्योक्ती म्हणून वाचले: राजकारण प्रस्तुत आणि महाभारत निमित्त. आमच्या मते ते समासोक्ती म्हणून वाचावयाचे नाटक आहे. सैरंध्रीची विटंबना हीच प्रस्तुत. ती आधी एका स्त्रीची विटंबना म्हणून मनास झोंबली पाहिजे, तरच तिच्यातून देश दिसेल. आधीच ‘देश’ असे वाचून मोकळे झालो तर ना स्त्री दिसते ना देश. रूपक जितके आपल्या पायावर घट्ट उभे, तितकी त्याची सावली लांब.

बंदीची वेळही लक्षात घेतली पाहिजे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे यांनी पिस्तुलाने प्राण घेतला. जॅक्सन संस्कृतचे अभ्यासक होते. ही घटना घडली ती विजयानंद नाट्यगृहात, आणि त्या रात्री तेथे प्रयोग होता तो देवलांच्या ‘शारदे’चा, म्हणजे म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचे लग्न लावू पाहणाऱ्या समाजावरील नाटकाचा. पुढच्याच महिन्यात ‘कीचकवध’ बंद झाले आणि फेब्रुवारीत छापखान्यांवरील नवा कायदा आला. भेदरलेल्या सत्तेस सूक्ष्म वाचनाची फुरसत नसते, हे समजण्यासारखे आहे. पण परिणाम काय झाला? जो प्रेक्षक कीचकात केवळ कीचकच पाहत होता, त्यासही आता दुसरा अर्थ समजला. या नाटकावरील सर्वांत प्रभावी भाष्य सरकारी हुकुमानेच लिहिले, आणि विराटपर्व मात्र देवळादेवळांतून पूर्ववत वाचले जात राहिले. त्यावर हुकूम काढणे कोणासच शक्य नव्हते.

त्याच वर्षांत उत्तरेकडेही असाच प्रसंग घडत होता, हे संयुक्त प्रांताकडे नोकरीस असलेल्या आमच्या वाचकांस ठाऊक असेल. शाळाखात्यातील एका कनिष्ठ अधिकाऱ्याने ‘नवाबराय’ या नावाने ‘सोज़े वतन’ हा उर्दू कथासंग्रह १९०८ साली काढला. त्यातील एका कथेत प्रेयसीने मागितलेले जगातील सर्वांत मोलाचे रत्न म्हणजे देशासाठी सांडलेला रक्ताचा शेवटचा थेंब, असे निघते. दास्तानीचा जुना साचा, परीकथेची भाषा. तरी जिल्ह्याच्या कलेक्टरने लेखकास बोलावून घेतले आणि उरलेल्या प्रती सरकारच्या स्वाधीन कराव्या लागल्या. त्या लेखकाने पुढे ‘प्रेमचंद’ हे नाव घेतले. बंगालचे बंकिमचंद्रही डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते आणि ‘आनंदमठ’ त्यांनी नोकरीत असतानाच लिहिले. त्यांनी अठराव्या शतकातील संन्याशांच्या बंडाचा आडपडदा घेतला. सरकारी नोकर आणि रूपक यांचे नाते असे जुने आहे. ज्यास उघड बोलता येत नाही तो ध्वनीचा आश्रय करतो. आणि ज्याने तो ध्वनी पकडावयाचा तोही बहुधा त्याच कचेरीतला, पलीकडच्या मेजावरचा असतो.

येथवर वाचून, परके राज्य गेले आणि हा प्रश्नही संपला, असे कोणी समजू नये. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. घाशीराम ही ऐतिहासिक व्यक्ती. १७९१ साली पुण्यात संतप्त जमावाने त्यास ठार केले. मोरोबा कान्होबा यांनी १८६३ सालीच त्याच्यावर पुस्तक लिहिले होते. तेंडुलकरांनी हे ऐतिहासिक नाटक नव्हे, घाशीराम कसे निर्माण केले जातात ते दाखविण्याचा हा प्रयत्न आहे, अशी भूमिका घेतली. परंतु नाना फडणिसांची व ब्राह्मणांची बदनामी झाली म्हणून गहजब झाला आणि एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते थांबविले. पुढे निराळी संस्था स्थापून कलावंतांनी ते चालू ठेवले. १९१० आणि १९७२ ही दोन चित्रे शेजारी ठेवावीत. पहिल्यात सत्ताधाऱ्यांनी पृष्ठभाग दूर सारून केवळ आतला अर्थ पाहिला; दुसऱ्यात आमच्याच सुशिक्षित समाजातील अनेकांनी आतला अर्थ दूर सारून केवळ पृष्ठभाग पाहिला. परक्यांना अभिधा दिसली नाही, आपल्यांना व्यंजना ऐकू आली नाही. नाटक बंद पडले ते दोन्ही वेळा.

यावरून आम्ही जो बोध घेतो तो मोठा नाही, पण उपयोगाचा आहे. कोणतीही कादंबरी, कथा अथवा नाटक हाती घेताना आधी कथा कथा म्हणून पुरी वाचावी. सैरंध्रीस सैरंध्री राहू द्यावे. मग दुसरा अर्थ उमटला तर त्यास पुरावा मागावा: बोलणारा, ऐकणारा, प्रसंग, देश, काळ. आणि पुरावा मिळाला तरी पहिल्या अर्थाची रजा मंजूर करू नये. दोघांस एकाच वेळी हजेरीपटावर ठेवावे. हे शेवटचे सर्वांत कठीण, कारण मनुष्यास एका वेळी एकच निकाल देणे सोपे जाते.

आमच्या वाचकांपैकी काहींच्या हाती आज नाही तर उद्या असा एखादा कागद येईल, ज्यात कोणा लेखकाच्या पुस्तकाविषयी शेरा मागितलेला असेल. तो पुस्तक वाचल्याशिवाय लिहू नये, हे सांगणे नको. पण वाचावयाचे म्हणजे काय करावयाचे, हे या देशात हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलेले आहे. शाळेच्या व्याकरणातील ते शेवटचे प्रकरण एकवार पुन्हा उघडण्यास हरकत नसावी.